दोन दात आणि लाल शिक्का

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

माजिवड्याला आगेऱ्याच्या सणाला जाऊन आलो. नॉर्मन शाळेपासूनचा मित्र, दरवर्षी बोलावतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, पुढे बँड. या बँडचा पहिला कॉर्नेट, म्हणजे त्या छोट्या ट्रम्पेटचा मुख्य वादक, नॉर्मन, हे इतकी वर्षं ठरलेलं. आज त्याच्या हातात झांजा होत्या.

जूनमध्ये स्कूटर खड्ड्यात गेली आणि त्याच्या वरच्या पुढच्या दातांतले दोन रस्त्यावरच राहिले. दात नसतील तर कॉर्नेट फुंकता येत नाही, ओठाला मागून टेकू लागतो, हे मला माहीत नव्हतं. काढघालीचे दात चालणार नाहीत का, असं विचारलं. म्हणाला, "एक सूर जोरात लावला की दात नवरीच्या मांडीवर." पक्के बसवायचे तर खर्च आहे. शिवाय मुदत आहे. ख्रिसमसनंतर त्यांच्यात लग्नांचा हंगाम सुरू होतो. बँडमास्तर रॉड्नीने सांगून ठेवलंय की तीस नोव्हेंबरच्या रविवारी वाजवून दाखव, नाहीतर यंदापासून पहिला कॉर्नेट गॅविन. गॅविन म्हणजे नॉर्मनचा पुतण्या.

जेवायला त्याच्याकडे. त्याची आई लुर्दसमावशी फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, वाढता वाढता म्हणाली, "तुला त्या नोटांचं कळतं ना रे बाबा? मग हे बघ." बिस्किटांच्या डब्यातून एक नोट काढली. नॉर्मनचे आजोबा बोटीवर खानसामा होते. कुठल्याशा बंदरात मिळालेली, तेव्हापासून डब्यात.

हातात घेतली आणि ओळखली. अमेरिकन नॅशनल बँक नोट! एके काळी तिकडे गावोगावच्या बँका सरकारी परवान्यावर स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. ही फर्स्ट नॅशनल बँक ऑफ वेस्ट हॅरो, आयोवा, या बँकेची. वीस डॉलर. १९०२ची मालिका. आजच्या नोटांपेक्षा ऐसपैस.

नॉर्मनने विचारलं, "काय येईल का रे याचं?" मी म्हटलं, असं उठून सांगता येत नाही. ओळख वेगळी, मूल्यमापन वेगळं. नोट घेऊन आलो.

संकल्प: फी घ्यायची नाही.

(हे मी नावासाठी करतोय का? स्वतःला स्पष्ट विचारलं. नाही. माझ्या पुस्तकात यावर एक प्रकरण होईल, तो भाग वेगळा.)

८ ऑक्टोबर

अभ्यास सुरू. नवीन भिंग घेतलं. पुस्तकाचं नाव तर ठरलेलंच आहे, 'परकीय नोटा: ओळख आणि मूल्यमापन'. प्रस्तावना सहा वर्षांपूर्वीच लिहून झाली. आता फक्त प्रकरणं.

मुद्दा असा. या नोटांची किंमत आकड्यावर ठरत नाही, गावावर ठरते. गाव जितकं लहान, बँक जितकी अल्पायुषी, तितक्या नोटा कमी उरलेल्या. दुसरं म्हणजे शिक्क्याचा रंग. १९०२च्या मालिकेत सुरुवातीच्या नोटांवर लाल शिक्का, नंतरच्यांवर निळा. लाल दुर्मीळ, निळा सर्वत्र. नॉर्मनच्या नोटेवर निळा आहे.

निदान दिव्याच्या उजेडात तसा दिसतो. घाईने निष्कर्ष नको.

क्षिप्रा म्हणाली, "बाबा, फोटो काढून टाक ना कुठेतरी, दोन मिनिटांत सांगतील." ही पिढी.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोहने गावात काळुरामशेठकडे गेलो. बापजाद्यांच्या शेतांवर आता इमारती उभ्या आहेत आणि शेठ परकीय नोटा जमवतात. दिवाणखान्यात काचेखाली लावल्यात. देशवार नाही, सालवार नाही, रंगवार! मला बघवेना. पण त्यांच्याकडे एखादी अमेरिकन असेल तर शेजारी ठेवून पाहावी, एवढ्यासाठी गेलेलो.

शेठनी नोट उलटसुलट केली. नोटेवरच्या साहेबाकडे बघून म्हणाले, "ह्यो आमच्या जुन्या तलाठ्यासारखा दिसतं." मग थेट, "मना आवरली. चाळीस देतो." मी नोट परत घ्यायला हात पुढे केला. "बरं, पंचेचाळीस. हजार. आताच न्या." पाकीट नव्हे, कपाट उघडलं.

बाहेर येऊन नॉर्मनला फोन लावला. म्हणाला, "देऊन टाक ना रे! दातवाला तेवढेच सांगतोय." मी समजावलं की जो माणूस नोटा रंगावरून लावतो त्याने सांगितलेली किंमत ही किंमत नव्हे. पहिल्या आकड्याला होकार देणं म्हणजे मित्राला फसवण्यासारखं आहे, तुझ्या भल्याचंच बघतोय. तो म्हणाला, "माझं भलं पुढच्या दोन दातांत आहे रे सोहन्या."

विनोदी माणूस. पण व्यवहार कळत नाही.

शेठना नम्रपणे नकार दिला. त्यांची बायको सखुबाई म्हणाली, "चाय तरी घ्या." चहा घेतला. विकत घेणाऱ्याचा चहा घेणं नैतिकदृष्ट्या बरोबर का, याचा परतीच्या रिक्षात विचार केला. नकार दिल्यानंतर घेतला, त्यामुळे हरकत नसावी.

१८ ऑक्टोबर

नॉर्मनचा फोन. पतपेढीतून कर्ज काढतोय म्हणे, दिवाळी झाली की दातांचं सुरू करणार. जामीन राहशील का, असं विचारलं. मी विचार करून सांगतो म्हटलं.

खरं तर मीच त्याला पैसे देऊ शकतो. बँकेत मुदतठेव आहे. पण मुदतीआधी मोडली तर व्याज जातं, आणि मुख्य म्हणजे मैत्रीत पैसा आला की मैत्री जाते. त्याच्या स्वाभिमानाचं काय? म्हणून विषय काढला नाही. त्यानेही काढला नाही, म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार. समंजस आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

यंदा पूजेत नॉर्मनची नोटही ठेवली. आसावरी म्हणाली, दुसऱ्याचा पैसा आपल्या लक्ष्मीत कशाला? मी म्हटलं, विश्वासाने सोपवलेली वस्तू हीसुद्धा एक लक्ष्मीच. तिने नाण्यांवर, चेकबुकावर, सगळ्यावर हळदकुंकू वाहिलं. मी त्या वेळी क्षिप्राला आयोवा कुठे आहे ते सांगत होतो. पूजा आटोपल्यावर नोट पुन्हा प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली. अनारसे बिघडलेत. बोललो नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

दार लावून लिहायला बसलोय.

आज खिडकीच्या उजेडात भिंग लावून पाहत होतो. शिक्क्याच्या उजव्या कडेला लाल. स्पष्ट लाल! आधी वाटलं भास. चष्मा पुसला. भिंग पुसलं. लालच.

म्हणजे मूळ शिक्का लाल. काळाच्या ओघात वर निळसर छटा चढली असणार आणि आता ती कडेने उतरू लागलीय. पुस्तकांत याचा उल्लेख सापडत नाही, म्हणजे हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

लाल शिक्का, त्यात इतकं आडगावचं गाव. किंमत मनात आली, पण लिहीत नाही. लिहिली की लोभ सुटतो.

(आठ लाख. कमीत कमी.)

आसावरीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. बरं म्हणाली.

३ नोव्हेंबर

नॉर्मनला आधी सांगावं की पूर्ण खात्री झाल्यावर? सकाळभर द्विधा. ऑफिसात विमा दावे तपासताना लोकांच्या अर्धवट माहितीवर मीच लाल शेरे मारतो. पण उद्या तो पतपेढीत जाणार होता. घरात लाखाची वस्तू असताना माणसाने व्याज भरायचं आणि आपण गप्प बसायचं, हे पाप नाही का?

सांगितलं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग, "शप्पथ?" मी म्हटलं, शपथ घेण्याची माझी पद्धत नाही, पण कर्ज काढू नकोस. मागे लुर्दसमावशीचा आवाज, "काय झालं रे? कोण गेलं?"

कर्जाचा अर्ज मागे घेतला. जामिनाचा प्रश्नही आपोआप सुटला. दातवाल्याची तारीख पुढे ढकलली. आता साधे नको, सगळ्यात भारीतले बसवतो म्हणतोय. मला बरं वाटलं. कुणाच्या तरी आयुष्यात आपल्या अभ्यासाने फरक पडतो.

९ नोव्हेंबर, रविवार

क्षिप्राने तिकडच्या संग्राहकांच्या एका ऑनलाइन गटात फोटो टाकला होता. ओहायोच्या एका गृहस्थाचं उत्तर आलं. निळा शिक्का, नेहमीचा प्रकार; बँकेचा परवाना क्रमांकही निळ्यातच छापलाय; पण गाव छोटं आणि नोट छान जपलेली, तिकडे पाच-सहाशे डॉलर सहज मिळतील. आणि खाली एक ओळ: शिक्क्याजवळ ती लाल भुकटी कसली? कृपा करून पुसू नका.

पाच-सहाशे डॉलर! क्षिप्रा हिशेब करून म्हणाली, म्हणजे त्या मोहन्याच्या काकांनी बरोबर सांगितलेलं की. मी तिला समजावलं की घेणारा नेहमी वस्तू पाडूनच बोलतो. तो घेत नाहीये बाबा, नुसतं सांगतोय, असं तिचं म्हणणं. आज नुसतं सांगणारा उद्या घ्यायला येतो.

'भुकटी' हा शब्द मात्र खटकला. अमेरिकन माणसाला आपल्याकडची हवा काय माहीत. दमट हवेत शाई सुटते.

१४ नोव्हेंबर

प्रयोग केला. वैज्ञानिक दृष्टी म्हणजे स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेणं. रंग मूळचा असेल तर निघणार नाही, वरचा असेल तर निघेल. कापूस, दोन थेंब कोमट पाणी. हलक्या हाताने.

निघाला.

म्हणजे निघाला असं नाही, पसरला. शिक्का, त्याच्याखालची सही, 'वेस्ट हॅरो'मधला हॅरो, सगळं गुलाबी. पुन्हा पुसलं तर शेजारचा साहेबही गुलाबी झाला. एका गालावर.

आसावरी चहा घेऊन आली. कापूस उचलला, वास घेतला, म्हणाली, "कुंकू आहे हे." एवढंच म्हणाली आणि गेली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

भिंग ठेवून दिलं. प्रामाणिकपणे लिहायचं तर चूक कुणाची? कुंकू आसावरीने वाहिलं. पूजेत नोट मी ठेवली. चांगल्या हेतूने. चांगल्या हेतूची चूक ही चूकच, पण वेगळ्या रकान्यातली.

संकल्प: नॉर्मनला उद्याच सांगायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आधी मोहन्याला जाऊन आलो. पंचेचाळीस घेऊनच नॉर्मनपुढे उभं राहावं, म्हणजे वाईट बातमी आणि उपाय एकाच वेळी. दोन आठवडे हाताशी आहेत, दातवाला म्हणतो तेवढ्यात होईल.

काळुरामशेठनी नोट हातात घेतली. "ही ती नाय." मी म्हटलं तीच. "मंग साहेबाला काय झालं? होली खेळला?" मी सगळं खरं सांगितलं. लपवणं मला जमत नाही, आणि तसंही दिसतच होतं.

शेठ एकदम गंभीर झाले. पायातल्या चपला काढल्या. नोट कपाळाला लावली. म्हणाले, "पूजलेली लक्षुमी हाय ही. तुमच्या घरातली लक्षुमी मी इकत घेऊ? पाप लागल मना." मी सांगायचा प्रयत्न केला की ही लक्ष्मी नसून फर्स्ट नॅशनल बँकेची नोट आहे, आणि माझ्या घरातली नसून नॉर्मनच्या घरातली आहे, आणि नॉर्मन ख्रिश्चन आहे. शेठ म्हणाले, "कुंकू लागला ना? झाला मंग." वीस हजारांना घ्या म्हटलं. दहा. शेठ म्हणाले, "नको मास्तर, देवीचा भाव करू नका."

मी मास्तर नाही.

तेवढ्यात सखुबाई आतून कोयरी घेऊन आली. लक्ष्मी दारात येऊन तशीच परत जाऊ नये म्हणून नोटेला नव्याने हळदकुंकू लावलं. मला थांबवताही येईना. वर ओटीचा नारळ दिला.

नारळ घेऊन परत. ठाकुर्लीच्या फाटकाशी रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे तिकडे.

२३ नोव्हेंबर, रविवार

माजिवड्याला गेलो. आज सांगायचंच. दार उघडंच होतं. नॉर्मन पाठमोरा बसून कॉर्नेटचं नुसतं तोंड ओठांना लावून फुंकत होता. फुस्स, फुस्स. म्हणाला, "ओठ मऊ पडलेत रे. दात येईपर्यंत तयारी नको?" लुर्दसमावशी म्हणाली, "दिवसभर घरात टायर फुटल्यासारखा आवाज." मग मला, "नोट विकली की पहिली मेणबत्ती तुझ्या नावाने लावते बाबा. फुगे खा."

अशा वेळी सांगणं म्हणजे क्रौर्य. सत्य सांगण्याचीही एक वेळ असते. फुगे खाल्ले. पतपेढीत पुन्हा जाऊन बघ, असं निघताना जिन्यात सुचवलं. कशाला, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, सहज.

पतपेढी नव्या अर्जावर महिन्याने विचार करते म्हणे.

२७ नोव्हेंबर

लेखी सांगायचं ठरवलं. तोंडी बोलण्यात भावना येतात, लेखी अहवालात समतोल राहतो. चार पानी अहवाल केला: इतिहास, ओळख, सद्यःस्थिती, मूल्यमापन. 'सद्यःस्थिती'त कुंकवाचा उल्लेख 'स्थानिक धार्मिक परंपरेतून आलेला बाह्य रंगद्रव्याचा स्पर्श' असा केलाय. वाचून क्षिप्रा म्हणाली, "बाबा, त्यांना फोन कर." फोनवर पाठवून दिला.

नॉर्मनने अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे वाचलं, की आवडलं, की नुसतं मिळालं?

थोड्या वेळाने त्याचा फोन. म्हणाला, "चांगलं लिहिलंयस. किंमत कितव्या पानावर आहे?" चौथ्या पानावर आहे, पण तिथे 'आज निश्चित मूल्य सांगणे उचित नाही' असं आहे, असं मी सांगितलं. म्हणजे किती, म्हणाला. मी म्हटलं, नॉर्मन, कुंकू लागलं रे. मग सगळं सांगितलं. मोहन्याचंसुद्धा. नारळाचंसुद्धा.

मला वाटलं ओरडेल. मी त्याची तयारी ठेवली होती, उत्तरंही काढली होती. तो म्हणाला, "बरं. मम्मीला तू नको सांगू, मी सांगतो." आणि ठेवला.

काढलेली उत्तरं वाया गेली.

३० नोव्हेंबर, रविवार

अंगात कणकण. नॉर्मनच्या परीक्षेला चर्चला गेलो नाही. थर्मामीटरमध्ये ताप दिसत नाही, पण थर्मामीटर जुना आहे.

दुपारी लुर्दसमावशीचा फोन. पहिला कॉर्नेट गॅविनला दिला. नॉर्मनने वाजवून बघितलं म्हणे, सगळ्यांसमोर, आहेत तेवढ्या दातांवर. हवा गेली नुसती. पोरं हसली, मग रॉड्नीने त्यांना गप्प केलं. "रॉड्नी चांगला आहे," मावशी म्हणाली, "झांजा राहू देतो म्हणाला." माझ्या तब्येतीचं तिने विचारलं. आल्याचा काढा घे म्हणाली.

मुदतठेव मोडायचा विचार पुन्हा केला. आता मुदत टळलीच आहे, मग मोडून उपयोग काय, असंही मनात आलं. हे दुसरं मनात आलं तेव्हा स्वतःची जरा लाज वाटली. नोंद करून ठेवतो.

६ डिसेंबर

नोट परत करून आलो. नॉर्मन घरी नव्हता. मावशीने नोट हातात घेतली, गुलाबी गाल बघितला आणि हसायलाच लागली. "माझ्या सासऱ्याने अख्ख्या बोटीला जेवण घातलं, आणि हा साहेब त्याला मटणाचे पैसे देऊन गेला. बघ कसा लाजलाय." डब्यात ठेवून दिली. क्षिप्राने परवा विचारलेलं, वीस डॉलर तर आहेतच ना अजून? आहेत. अहवालात हे राहून गेलं.

अहवालाची स्वच्छ प्रतही दिली. ती तिने डब्याखाली घातली. टेबल जरा डुगडुगतं त्यांचं.

२७ डिसेंबर, शनिवार

मिशेलच्या लग्नाला आम्ही तिघेही. मिशेल नॉर्मनच्या मामेभावाची मुलगी. आमंत्रण आलं, म्हणजे मनात काही ठेवलेलं नाही, असं मी आसावरीला म्हटलं. ती म्हणाली, आमंत्रण मावशीने पाठवलंय.

बँड आला. पुढे गॅविन. चांगला वाजवतो, थोडी घाई आहे. हातातला कॉर्नेट मी लांबून ओळखला. चांदीचा मुलामा, तोंडाच्या कडेला पोचा. नॉर्मनचा. भिंगाशिवाय ओळखला, आणि या वेळी चूक झालेली नाही. व्हायला हवी होती.

नॉर्मन मागच्या रांगेत, झांजा. मला बघून हसला. दात बसलेले.

मधल्या वेळेत त्याला बाजूला घेतलं. कॉर्नेट विकलास? "हो ना. गॅविनला चांगला हवाच होता. दातांचे निघाले बरोबर." मी म्हटलं, अरे पण दात कॉर्नेटसाठी बसवायचे होते ना? म्हणाला, "मटण पण खातो ना मी." मी म्हटलं, आजोबांच्या वेळचा असणार तो, जुनं इंग्लिश काम, मला एकदा विचारायचंस तरी, मी नीट किंमत काढून दिली असती.

नॉर्मनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागाने नाही. "सोहन्या, तुला विचारलं नाय, म्हणून तर विकला गेला."

मग रॉड्नीने हाक मारली आणि तो झांजा घेऊन गेला.

दात चांगले बसलेत. अगदी मूळचे वाटतात. जेवताना समोरच होता, तेव्हा मी नीट निरखून पाहिलं. यातले नवे दोन कुठले, मला सांगता आलं नाही.